वर्गाबाहेरचे दीड हजार तास

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात शाळेतील एका सहशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर वर्षी या व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व सांगितले जाते. इल्मविषयीची वचने आपण सर्वांनी अनेकदा ऐकली आहेत. ती मी पुन्हा सांगत नाही. येथे बसलेल्या पालकांमध्ये शिक्षण नको असे म्हणणारा एकही नाही हे मला ठाऊक आहे. दहावी-बारावीपर्यंत तर नाहीच. अडचण सुरू होते ती त्यापुढे, कॉलेजात नाव घालायची वेळ आली की. त्या अडचणीबद्दल मला आज बोलायचे आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या शाळेतून बारावीला उत्तम गुण मिळवून एक मुलगी उत्तीर्ण झाली. जून संपत आला तरी तिने कॉलेजात अर्ज भरला नव्हता, म्हणून मी तिच्या घरी गेलो. वडिलांनी अगत्याने बसवले, चहा दिला. मी शिष्यवृत्तीचे, एस.टी.च्या पासाचे सर्व सांगून टाकले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग एकच प्रश्न विचारला, "सर, तुम्ही कॉलेज केलंय. एक खरं सांगा. कॉलेजात पोरं शिकत्यात किती आणि फिरत्यात किती?"

मी म्हणालो, "तसं काही नसतं हो. आपण चांगले असलो की सगळं चांगलं असतं." हे उत्तर ऐकून ते हसले. त्या हसण्याचा अर्थ मला कळला. त्यांनी खरे विचारले होते आणि मी मास्तरकीचे उत्तर दिले होते. ती मुलगी घरीच राहिली. आज ती साड्यांना पिको-फॉल करते. काम हलके आहे असे मी म्हणत नाही, माझ्या आईनेही ते केले आहे. पण त्या मुलीला रसायनशास्त्र शिकायचे होते.

तिची धाकटी बहीण यंदा दहावीत, माझ्याच वर्गात आहे. तो प्रश्न पुन्हा विचारला जाणार आहे. म्हणून या वेळी मी खरे उत्तर तयार करून आलो आहे. उत्तर थोडे लांब आहे. आपण शांतपणे ऐकावे ही विनंती.

मी 2007 साली तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. भाग एकला प्रवेश घेतला. माझ्या वडिलांचे गाद्यांचे दुकान होते. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, लग्नसराईत रात्रभर जागायचे. अब्बांचे शिक्षण हिशेब लिहिण्यापुरते, पण हिशेब मात्र चोख. कापूस किती आला, पिंजल्यावर कचरा किती निघाला, गादीत किती गेला, सारे एका लांबोळ्या वहीत असे. मी कॉलेजला जाऊ लागल्यावर महिन्याभराने त्यांनी तसलीच एक कोरी वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "मी कापसाचा हिशेब ठेवतो, तू वेळेचा ठेव. आठवडाभर लिही. मला फक्त दाखव."

मी लिहिले. आमची बस साडेदहाला कॉलेजच्या दारात सोडत असे आणि परतीची बस सव्वापाचला होती. म्हणजे मी रोज पावणेसात तास तेथे असे. दिवसाला पाच तासिका, प्रत्येकी 48 मिनिटांच्या, म्हणजे बरोबर चार तास. उरले पावणेतीन तास. आठवड्याचे सहा दिवस धरले तर साडेसोळा तास. वर्षात अध्यापनाचे दिवस 180 धरले तर पाचशेला पाच कमी. आणि तीन वर्षांत जवळजवळ दीड हजार तास.

मित्रहो, हे दीड हजार तास कोणत्याही वेळापत्रकात नसतात. त्यांची हजेरी घेतली जात नाही, त्यांची परीक्षा होत नाही, गुणपत्रिकेवर ते येत नाहीत. पण कॉलेजमधून बाहेर पडताना मुलगा कोण होऊन निघतो, हे बरेचसे या तासांवर ठरते. माझे आजचे सारे म्हणणे एवढेच आहे.

माझ्या वहीत त्या ऑगस्टच्या आठवड्यात काय होते ते वाचून दाखवतो. वही अजून माझ्याजवळ आहे. कट्ट्यावर सहा तास. कॅन्टीनमध्ये पाच तास. बसस्थानकावर अडीच तास. जिमखान्यात कॅरम दोन तास. ग्रंथालयात एक तास. बेरीज साडेसोळा. अब्बांनी वही पाहिली आणि विचारले, "ग्रंथालयात एकच तास? तोही पुस्तक बदलायला रांगेत उभा राहिलास तो?" मी मान हलवली. ते रागावले नाहीत. "कचरा किती निघतो ते पिंजल्यावरच कळतं," एवढे बोलून ते कामाला लागले.

तेव्हा पहिल्या वर्षाचे खरे उत्तर हे आहे: मी शिकत कमी होतो आणि फिरत जास्त होतो. त्या दिवसांत कॉलेजात निरनिराळ्या 'डे'जचे खूळ होते. कधी टाय डे, कधी ट्रॅडिशनल डे, कधी मुलींचा साडी डे. टाय डेला मी मामूंची टाय मागून नेली. ती बांधायची कशी हे ठाऊक नसल्याने ती गाठीसकटच आणली आणि गाठीसकटच परत केली. मोबाइल नुकते हातात येऊ लागले होते. वर्गात तीन-चार जणांकडेच असत आणि ज्याच्याकडे असे त्याच्याभोवती घोळका असे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मैत्री दिन आला की आदल्या दिवशी मनगटे रंगीत पट्ट्यांनी कोपरापर्यंत भरत. या गोष्टी फार वाईट होत्या असे मी आज म्हणणार नाही. त्या वयात माणसाला आपण कुणाला तरी हवे आहोत याची खूण लागते. मात्र त्या खुणेसाठी मी अब्बांना वहीचे म्हणून पैसे मागितले होते, हे वाईट होते.

कॅन्टीनमध्ये आमचे एक ठरलेले टेबल होते, नळाजवळचे. आम्ही पाच-सहा जण, सारे आपल्याच समाजाचे, निरनिराळ्या मोहल्ल्यांतले. आम्हांला तेथे कोणी बसवले नव्हते. पहिल्या दिवशी ओळखीचा चेहरा दिसला म्हणून एक बसला, त्याच्याशेजारी दुसरा. असे करता करता ते 'आमचे' टेबल झाले. पुढे वाङ्मय मंडळाची सूचना फलकावर लागली की आम्ही ती वाचून पुढे जात असू. नाट्यस्पर्धेच्या निवडीची सूचना असो की राष्ट्रीय सेवा योजनेची, "ते आपलं नव्हे" असे कोणीतरी म्हणे आणि बाकीचे मान डोलवत. त्या सूचनेवर तसे काही लिहिलेले नसे. मनाई कॉलेजने केलेली नव्हती, ती आम्हीच स्वतःला करून घेतली होती.

दुसऱ्या बाजूचेही सांगतो. 24 सप्टेंबर 2007 रोजी जोहान्सबर्गला ट्वेन्टी-ट्वेन्टी विश्वचषकाचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध पाकिस्तान. आपल्याकडे तो संध्याकाळी साडेपाचला सुरू झाला. माझी बस सव्वापाचची. रमजान चालू होता, माझा रोजा होता. तरीही मी वर्गमित्रांबरोबर टीव्हीच्या दुकानासमोर उभा राहिलो आणि बस सोडली. इफ्तारची वेळ झाली तेव्हा गंभीर खेळत होता. मी काही बोललो नव्हतो. पण एक मित्र गर्दीतून बाहेर गेला आणि दोन केळी व पाण्याची बाटली घेऊन आला. "तुझी वेळ झाली ना रे?" एवढेच त्याने विचारले. भारत जिंकला, सामनावीर इरफान पठाण ठरला, आणि त्या फुटपाथवर जो जल्लोष झाला त्यात कोण कोणत्या टेबलाचा हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही. फोन करून घरी कळवले, बोलणी खाल्ली आणि त्या मित्राच्याच घरी मुक्काम केला. पहाटे चार वाजता त्याच्या आईने मला उठवले. तिने सहरीसाठी भाकरी आणि वांग्याची भाजी करून ठेवली होती.

तो वेळ 'शिकणे' या सदरात घालायचा की 'फिरणे' या? मला अजून ठरवता आलेले नाही. पण त्यानंतर नळाजवळच्या टेबलावर मी रोज बसलो नाही हे खरे.

सर्व काही असे गोड झाले, असे मात्र समजू नका. त्याच वर्षी स्नेहसंमेलनात फिशपाँडचा कार्यक्रम झाला. फिशपाँड म्हणजे काय हे मुलांना ठाऊक आहे, पालकांसाठी सांगतो. नाव न घालता एकेकाची टिंगल चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकतात आणि ती व्यासपीठावरून वाचली जाते. माझ्या नावची चिठ्ठी निघाली: "बस आला, पेपर आली, आणि मी गेली!" सारे सभागृह हसले. आपल्या घरी दख्खनी बोलली जाते. घाईत मराठी बोलताना माझे 'आला' आणि 'आली' उलटसुलट होत असे. चूक खरी होती, म्हणूनच ती फार लागली. त्या दिवसापासून मी वर्गात बोलणे बंद केले.

दोन महिन्यांनी मराठीच्या प्राध्यापकांनी मला बोलावून विचारले, "तू गप्प का असतोस?" मी कारण सांगितले. ते म्हणाले, "तुझे पेपर मी तपासतो. लिहिताना ही चूक तुझ्याकडून एकदाही झालेली नाही. बोलताना होते, कारण तू बोलतच नाहीस. भित्तिपत्रकाचं काम सुरू कर. आधी लिही, मग वाच, मग बोल." मला त्यांनी सहानुभूती दाखवली नाही, काम दिले. पुढे आयुष्यात मी शिक्षक झालो, त्याचे एक कारण हे वाक्य आहे.

दुसऱ्या वर्षी मी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले. ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, देशातल्या 37 विद्यापीठांत सुरू झाली. विद्यार्थ्याने वर्षाला 120 तास सेवाकार्य करायचे आणि एका सात दिवसांच्या निवासी शिबिरात राहायचे, असा तिचा नियम होता. आमचे शिबिर डोंगराकडेच्या एका खेड्यात होते. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा घातला. दिवसभर एका फावड्यावर दोघे, रात्री एका पंगतीत सगळे. शेवटच्या दिवशी आभार मानण्याचे काम माझ्याकडे आले. पाय लटपटत होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बस आली आहे, पेपर झाला आहे, आणि मीही आलो आहे." सगळे हसले. या वेळी मीही त्यांच्याबरोबर हसलो. त्यानंतर पाच मिनिटे मी काय बोललो ते आठवत नाही, पण एकही 'आला-आली' चुकले नाही असे सरांनी सांगितले.

तिसऱ्या वर्षी अब्बांनी पुन्हा वही मागितली. त्या आठवड्यात होते: ग्रंथालय सहा तास, भित्तिपत्रक आणि वाङ्मय मंडळ तीन तास, सेवा योजना तीन तास, कॅन्टीन अडीच तास, कट्टा दोन तास. बेरीज तीच, साडेसोळा. कॉलेज तेच, बसही तीच आणि मुलगाही तोच. फरक पडला तो तीन गोष्टींनी. घरात एकाने हिशेब विचारला, कॉलेजात एकाने हाक मारली आणि मी "ते आपलं नव्हे" म्हणणे सोडले. कट्ट्याचे दोन तास मात्र तसेच राहिले, आणि ते राहायला हवे होते. वाद कसा घालावा आणि वाद संपल्यावर एकाच बाटलीतले पाणी कसे प्यावे, हे मी कट्ट्यावर शिकलो.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जाते. पण ते वगळले तर बाकीचे सांगण्याचा अधिकार मला उरत नाही.

आमच्या वर्गात आपल्या समाजाच्या तीन मुली होत्या. त्यांचेही दीड हजार तास होते. ते त्यांनी कोठे घालवले? मुलींसाठी एक खोली होती, तिला सारे लेडीज रूम म्हणत. तासिका संपली की तेथे, पुढच्या तासिकेला वर्गात, पुन्हा तेथे, मग बस. आमच्या गावच्या एका मुलीने एके दिवशी वर्गातल्या चार-पाच जणांबरोबर कॅन्टीनमध्ये बसून चहा घेतला. दिवसाउजेडी, पन्नास माणसांसमोर, इतिहासाच्या प्रकल्पाचे कागद टेबलावर पसरलेले. मी ते पाहिले. घरी आल्यावर अम्मीजवळ सहज बोलून गेलो, "अमक्यांची मुलगी आज कॅन्टीनमध्ये दिसली." मनात वाईट काही नव्हते. अम्मीनेही सहजच कुठेतरी सांगितले असेल. ते वाक्य चार घरे फिरून त्या मुलीच्या घरी पोहोचले तेव्हा त्यातले प्रकल्पाचे कागद गळून गेले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती कॉलेजात आली नाही.

मी रोज कॅन्टीनमध्ये पाच-पाच रिकामे चहा पीत होतो, त्याबद्दल कोणी माझे कॉलेज बंद केले नाही. तिने एक चहा घेतला. तीन वर्षांपूर्वी त्या पालकांच्या प्रश्नाला मी सरळ उत्तर का देऊ शकलो नाही, हे आता आपल्या लक्षात येईल. मुलींसाठी कॉलेजची हवा वाईट असते असे आपण म्हणतो. त्या हवेत माझ्या एका वाक्याचाही वाटा आहे.

बंधू-भगिनींनो, वर्गाबाहेरच्या तासांची किंमत आपल्याकडच्या जाणत्या माणसांनी फार पूर्वी ओळखली होती. सर सय्यद अहमद खान 1869-70 मध्ये इंग्लंडला गेले, केंब्रिज पाहून आले आणि 1875 साली त्यांनी अलीगढला शाळा सुरू केली. तिचेच पुढे कॉलेज झाले. तेथे त्यांनी वर्गांइतकेच महत्त्व मुलांच्या एकत्र राहण्याला, एकत्र जेवण्याला आणि खेळाला दिले, आणि 1884 मध्ये तेथे वादविवादाचा क्लबही निघाला. इकडे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि मुस्लिम बोर्डिंग उभे केले. केवळ फी माफ करून ते थांबले नाहीत. खेड्यातल्या मुलाला राहायला जागा आणि सोबतीला मुले हवीत हे त्यांनी जाणले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था सुरू केली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवत. 1947 साली निघालेल्या त्यांच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' हे सूत्र होते. या तिघांचेही लक्ष पुस्तकाइतकेच पुस्तक मिटल्यानंतरच्या वेळेवर होते.

आणि मुलींच्या बाबतीत? सावित्रीबाई फुल्यांनी 1856 साली माहेरून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारी असताना शाळेच्या कामाचा भार फातिमावर पडत असेल, याची काळजी त्यात आहे. त्या काळी मुलींना शिकवण्यासाठी घराबाहेर पडणाऱ्या बाईबद्दल लोक काय बोलत असतील याची कल्पना करा. ती घरी बसली नाही, म्हणून आज आपण तिचे नाव घेतो.

आपली स्थिती काय आहे तेही पाहू. सच्चर समितीने नोव्हेंबर 2006 मध्ये अहवाल दिला. वीस वर्षांवरील लोकांत पदवीधर किंवा पदविकाधारक देशात सुमारे 7 टक्के होते, मुसलमानांत 4 टक्क्यांहूनही कमी. त्यानंतर मी ज्या वर्षी कॉलेजात गेलो, त्या वर्षी आमच्या टेबलावर सहा जण होतो. पदवी घेऊन बाहेर पडलो ते तिघे. बाकीच्यांना कोणी काढले नाही. एकाला दुकानाने ओढले, एकाला कंटाळ्याने, आणि एक नापास झाल्यावर परत आलाच नाही. त्याला परत बोलवायला आम्हीही गेलो नाही.

आजचे कॉलेज मी अधूनमधून पाहतो. माझे माजी विद्यार्थी तेथे आहेत, त्यांच्या कार्यक्रमांना जातो. कट्टा आहे तेथेच आहे. पण चार मुले शेजारी बसलेली असतात आणि चौघेही आपापल्या मोबाइलमध्ये असतात. आम्ही निदान एकमेकांचा वेळ खात होतो. आता तो दूरचा कोणीतरी खातो. मुले त्यावर रील पाहतात, रील बनवतात. त्यात काहींच्या अंगी चांगले गुण आहेत हेही मी पाहिले आहे. पण मुलांनो, एक करा. अब्बांनी मला सांगितले तेच तुम्हांला सांगतो. आठवडाभर लिहा. तुमच्या मोबाइललाच विचारा, तो तासांसकट हिशेब देतो. मला वही लिहावी लागली होती, तुम्हांला नुसते एक बटण दाबायचे आहे. आकडा पाहून लाज वाटली तर घाबरू नका. मलाही वाटली होती.

विद्यार्थ्यांनो, कॉलेजात गेल्यावर पहिल्या महिन्यात तीन कामे करा. ग्रंथपालांशी स्वतः ओळख करून घ्या. सूचनाफलकावरच्या एका तरी उपक्रमात नाव घाला, मग तो सेवा योजनेचा असो, छात्रसेनेचा असो, खेळाचा वा नाटकाचा. आणि आठवड्यातून एकदा तरी ज्या टेबलावर तुमच्या ओळखीचे कोणी नाही त्या टेबलावर बसा. तुमच्या मराठीला कोणी हसले तर अधिक बोला. मुलग्यांना एक वेगळी विनंती. कॉलेजात दिसलेल्या मुलीची बातमी घरी नेऊ नका. तुमचे एक वाक्य आणि तिची तीन वर्षे, असा हा व्यवहार आहे.

पालकांनो, आपण गुण विचारतो, तास विचारत नाही. मुलगा संध्याकाळी आला की "किती मिळाले?" याऐवजी "आज कोणाबरोबर होतास, काय वाचलंस, काय केलंस?" असे विचारा. वर्षातून दोनदा स्वतः कॉलेजात जा. फाटकाबाहेर उभे राहून कॉलेजची परीक्षा करू नका. आत जा, ग्रंथालय पाहा, प्राध्यापकांना भेटा. काही गैर घडले तर दाद मागायची सोय आहे. आपल्या राज्यात रॅगिंगविरोधी कायदा 1999 साली झाला. स्त्रियांच्या संरक्षणासाठी 2013 साली झालेल्या कायद्यानुसार कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. ती कोठे आहे, तिच्यावर कोण आहे, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. प्रवासाचेही पाहा. विद्यार्थ्यांना एस.टी.च्या मासिक पासात मोठी सवलत आहे, आणि मार्च 2023 पासून स्त्रियांना एस.टी.चे तिकीट निम्मे आहे. आई मुलीबरोबर एकदा कॉलेज पाहून येईल तर निम्म्या भाड्यात तिची अर्धी भीती जाईल.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या शाळेचे दोन वर्ग संध्याकाळी बंद असतात. ते रात्री नऊपर्यंत अभ्यासिका म्हणून उघडे ठेवावेत, मुलींसाठी वेगळ्या वेळेसह. आपल्या शाळेतून कॉलेजात गेलेल्या मुलामुलींची एक यादी असावी आणि त्यातले कोणी मध्येच गळाले तर आठ दिवसांच्या आत दोघांनी त्याच्या घरी जावे. या कामासाठी मी माझे रविवार देतो. सोबतीला एक पालक हवा आहे.

आता त्या प्रश्नाचे उत्तर. ते वडील आज या सभागृहात आहेत की नाहीत हे मला दिसत नाही. असतील तर त्यांनी ऐकावे. नसतील तर मी घरी येऊन सांगेन.

"भाई, कॉलेजात पोरे शिकतात आणि फिरतातही. पहिल्या वर्षी मी साडेसोळा तासांतला एक तास वाचनाला दिला होता, तिसऱ्या वर्षी सहा. पोरे बिघडतात हेही खरे आहे आणि घडतात हेही खरे आहे. ती दीड हजार तासांची जमीन आहे. तेथे काय उगवेल हे अर्धे मुलांच्या हाती आहे आणि अर्धे आपल्या. आपण तिला घरी ठेवले तर ती बिघडणार नाही असे आपल्याला वाटते. पण ते दीड हजार तास जातील कोठे? ते घरातही जातीलच, फक्त त्यांतून रसायनशास्त्र उगवणार नाही. तीन वर्षांपूर्वी मी आपल्याला खरे सांगितले नाही, त्याबद्दल माफ करा. या वेळी थोरलीचेही विचारतो. तिचे वय गेलेले नाही. बारावीची गुणपत्रिका अजून तिच्याजवळ आहे. दोघी एकाच बसने जातील."

जूनमध्ये मी त्यांच्या दारात जाणार आहे. जाताना एक लांबोळी कोरी वही घेऊन जाईन. अब्बांच्या दुकानात अजून तसल्या दोन शिल्लक आहेत.